एका थांब्याचा हिशेब

२०२३ साली ठाणे–वाशी लोकलने जाणाऱ्यांना ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये एक कोरे करकरीत स्टेशन दिसायचे. फलाट झालेला, छप्पर झालेले. गाडी मात्र न थांबता धडधडत पुढे जायची. दिघा, ईश्वरनगर भागातली माणसे हे रोज डोळ्यांनी पाहायची आणि रिक्षाने ऐरोली नाहीतर कळवा गाठायची. महिने गेले, निवेदने झाली, आंदोलनाचे इशारे झाले. अखेर १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नवी मुंबईत आले, अटल सेतू खुला झाला, उरण मार्गाचा राहिलेला तुकडा सुरू झाला आणि त्याच समारंभात दिघा गाव स्थानकाचाही मुहूर्त लागला.

उद्घाटनाच्या या उशिराची बातमी झाली, ते साहजिकच होते. पण नव्या स्टेशनाच्या जन्मकथेत हा उशीर सगळ्यांत धाकटा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एखादे स्टेशन घालायचे म्हटले की वर्षे जातात, कधी दशके जातात, आणि त्याला सिमेंट-काँक्रीट फारसे जबाबदार नसते. भिंती, जिने, छप्पर हे काम कोणताही बरा कंत्राटदार दोन पावसाळ्यांच्या आत करून देईल. अडते ते वेगळ्याच जागी. तीन-चार मिनिटांना एक गाडी सुटते, त्या गाड्यांतून रोज सत्तर-पंचाहत्तर लाख लोक जातात. मग त्या रांगेत आणखी एक थांबा बसवायचा कुठे?

मुळात जवळजवळची स्टेशने ही विजेची देणगी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा ३४ किलोमीटरच्या त्या वाटेवर स्थानके मोजकीच होती. वाफेच्या इंजिनाला वेग पकडायला वेळ लागतो, आणि एकट्या इंजिनाने सगळे डबे ओढायचे म्हटल्यावर दर दीड-दोन किलोमीटरला थांबणे परवडत नाही. विजेच्या लोकलचे तंत्र निराळे. तिला पुढे जोडलेले इंजिनच नसते. मोटारी रेकमधल्या, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचातल्या, काही डब्यांखाली वाटून बसवलेल्या असतात. जास्त चाके जोर लावतात, गाडी चटकन उचलते आणि चटकन थांबते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत अशी पहिली गाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. ती देशातली पहिली विजेची रेल्वे. १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत तारा पोहोचल्या, १९३६ मध्ये विरारपर्यंत.

आज सीएसएमटी (तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस) ते दादर या सुमारे नऊ किलोमीटरमध्ये मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड आणि परळ अशी सहा स्टेशने आहेत. गिरणगावातला कामगार चाळीतून निघून चालत गाडी गाठत असे आणि उतरून चालतच गिरणीत जात असे, त्या काळाचा हा नकाशा. त्याच मध्य रेल्वेवर अंबरनाथ सोडले की बदलापूर येईपर्यंत सात-साडेसात किलोमीटर एकही थांबा नाही. गावे लहान होती आणि मधे शेते, डोंगर, एखादा कारखाना होता, तोवर कुणाचे काही अडले नाही. आता त्या पट्ट्यात इमारतींच्या रांगा आहेत आणि तिथला माणूस सकाळी आधी रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, मग गाडीच्या. चिखलोली स्थानक मंजूर झाले ते या माणसासाठी.

थांबा वाढवला की नेमके काय जाते, हे कागदावर मांडून बघण्यासारखे आहे. ताशी ८० किलोमीटरने चाललेली लोकल थांबवायची म्हणजे आधी ब्रेक, मग वीस-तीस सेकंद उभे राहणे, मग पुन्हा वेग. न थांबता गेली असती तर जितका वेळ लागला असता त्याहून साधारण एक मिनिट जास्त जाते. एक मिनिट म्हणजे काय मोठेसे, असे कुणालाही वाटेल. पण गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात. या कोंबण्याला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव दिले आहे. त्यांतली चार हजार माणसे नव्या स्टेशनाच्या पलीकडे जाणारी धरली, तर एका गाडीमागे चार हजार मिनिटे, म्हणजे जवळजवळ ६७ तास खर्ची पडले. आता दुसरी बाजू. त्याच गाडीला नव्या स्टेशनावर तीनशे माणसे चढली-उतरली आणि प्रत्येकाची रिक्षातली पंधरा मिनिटे वाचली, तर ७५ तास जमेला आले. हिशेब कसाबसा जुळतो. तीनशेच्या जागी दोनशे माणसे धरा, लगेच तोटा दिसतो.

हे आकडे नमुन्यादाखल आहेत, खऱ्या गाडीत ते रोज बदलतील. पण नव्या स्टेशनाच्या मागणीपुढे रेल्वेचे वेळापत्रक पाहणारे अधिकारी कपाळाला आठ्या का घालतात, ते यावरून कळते. त्यांची आणखी एक अडचण असते, रेकची. एका मार्गावर किती रेक लागतात, ते फेरीला लागणारा वेळ भागिले दोन गाड्यांमधले अंतर, असे निघते. चार मिनिटांना एक गाडी सोडायची आणि मार्गावर दोन नवी स्टेशने आली, तर जाण्या-येण्यात मिळून चार मिनिटे वाढली. म्हणजे तेवढ्याच फेऱ्या करायला एक अख्खा रेक जास्त हवा. तो रेक उभा करायला कारशेडमध्ये जागा हवी, चालवायला मोटरमन आणि गार्ड हवेत. स्टेशन बांधणाऱ्या अंदाजपत्रकात हे क्वचितच दिसते.

विजेचाही एक हिशेब असतो. गाडी सर्वांत जास्त वीज खाते ती जागेवरून उठताना. १५०० व्होल्टच्या जुन्या पद्धतीत तेवढी ताकद द्यायची तर प्रचंड प्रवाह वाहून न्यावा लागे. जाड तांब्याच्या तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागत. गाड्या वाढल्या, लांबल्या, की तारेतला दाब खाली बसे. म्हणून मुंबईने हळूहळू २५,००० व्होल्टची एसी वीज आणली. व्होल्टेज सोळा-सतरा पट, त्यामुळे तेवढ्याच कामाला प्रवाह तितकाच कमी. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ साली पुरे झाले, मध्यवर आणि हार्बरवर त्यानंतर. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरून शेवटची डीसी लोकल धावली. तारेचा दाब वाढला की तारेपासून पुलापर्यंत मोकळी जागाही जास्त लागते. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडला, त्यामागे हेही एक कारण होते. नव्या गाड्यांची आणखी एक सोय अशी की ब्रेक लावताना त्यांच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत सोडतात. थांब्याचा विजेचा भुर्दंड त्यामुळे बराच हलका झाला आहे. वेळेचा भुर्दंड आहे तिथेच आहे.

या सगळ्यावर रेल्वेने काढलेला तोडगा सोपा वाटतो, पण महाग आहे. स्टेशन वाढवायचे तर रूळही वाढवायचे. चिखलोली एकटे आलेले नाही. ते कल्याण–बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या प्रकल्पाबरोबर आले. १४ किलोमीटरचे हे जादा रूळ २०१९ साली मंजूर झालेल्या ‘एमयूटीपी-३ ए’ या ३३,६९० कोटींच्या योजनेतले. लांबच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एका जोडीवर, लोकल दुसऱ्या जोडीवर असे झाले, तर लोकल चिखलोलीला थांबली म्हणून मागच्या एक्स्प्रेसचा खोळंबा होणार नाही. या योजना राबवणारे मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ साली स्थापन झाले. त्यात ५१ टक्के भाग रेल्वेचा आणि ४९ टक्के महाराष्ट्र सरकारचा, म्हणजे या महामंडळातला जवळजवळ निम्मा वाटा राज्याचा आहे. दिल्लीच्या अर्थसंकल्पातल्या रेल्वेच्या तरतुदींवर ओरड करताना ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

रूळ वाढवणे किती जिकिरीचे, ते ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेने दाखवून दिले. २००८ साली मंजूर झालेले हे काम २०२२ च्या फेब्रुवारीत संपले, आणि शेवटच्या जोडणीसाठी ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. दरम्यानच्या काळात दिव्याने बरेच सोसले. ठाणे-कल्याणमधल्या या जंक्शनाभोवती स्वस्त घरांची दाट वस्ती वाढत गेली, पण जलद लोकल तिथे थांबत नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये गाड्या विस्कळीत झाल्या, तेव्हा इथल्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला आणि त्याने हिंसक वळण घेतले. पुढे जलद मार्गावर फलाटाची सोय झाली आणि डिसेंबर २०१६ पासून काही जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. स्टेशन जुनेच, थांबा तेवढा नवा; तरी दिव्याच्या लोकांसाठी ते नवे स्टेशन मिळाल्यासारखेच होते. कल्याण-डोंबिवलीहून त्याच गाडीत उभे राहून येणारे मात्र याविषयी फारसे गोड बोलत नाहीत.

धावत्या मार्गात स्टेशन घालताना प्रत्यक्ष काम कसे चालते, तेही पाहण्यासारखे आहे. रात्रीची शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. त्यात तारेतली वीज बंद करायची, काम करायचे, आवरायचे आणि पुन्हा वीज सोडायची. उरलेले रविवारच्या मेगाब्लॉकवर. फलाट दोन्ही रुळांच्या बाहेरच्या बाजूंना बांधला तर रूळ हलवावे लागत नाहीत, पण जिने, तिकीटघर, सरकते जिने सगळे दुप्पट. दोन रुळांच्या मधे एकच फलाट हवा असेल तर रूळ एकमेकांपासून दूर सरकवावे लागतात, आणि तेही काटकोनात नव्हे. दोन्ही टोकांना शेकडो मीटर हळुवार वळण देत. रूळ सरकला की त्यावरची तार, तारेचे खांब, सिग्नल आणि जमिनीखालच्या केबली सरकतात. बारा डब्यांच्या गाडीसाठी फलाट पाव किलोमीटरहून लांब लागतो, आणि पुढे पंधरा डबे येणार म्हणून तो आजच आणखी लांब ठेवणे शहाणपणाचे. तेवढ्या लांबीत जमीन जवळजवळ सपाट हवी आणि शक्यतो सरळ. वळणावर फलाट आला की डबा आणि फलाट यांत पोकळी राहते. २०१४ साली घाटकोपरला एक विद्यार्थिनी अशाच पोकळीत पडून दोन्ही हात गमावून बसली. त्यानंतर फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या आसपास नेण्याचे काम मुंबईभर झाले.

नुसता फलाट रुंद करणेही सोपे नसते. ठाण्याचा पाचव्या क्रमांकाचा फलाट दोन-तीन मीटर वाढवायला २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. तयार काँक्रीटचे ठोकळे आणून रूळ बाजूला घेतला गेला आणि शेकडो लोकल रद्द झाल्या. चाकरमान्यांनी त्या शुक्रवारी घरून काम केले, ज्यांना ते शक्य नव्हते ते एसटी-बेस्टच्या रांगांत उभे राहिले.

आणि सगळे झाले तरी गाडी सुरू होत नाही. आधी रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन रूळ, तारा, सिग्नल, फलाटाची अंतरे तपासतात आणि लेखी मान्यता देतात. गंमत अशी की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जबाबदार असतात. ज्याने बांधले त्यानेच पास करू नये, यासाठी केलेली ही सोय चांगली आहे.

धावत्या मार्गात स्टेशन घालण्याच्या अगदी उलट वाट नवी मुंबईने धरली. ते शहर वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना १९७० ची. खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे तर रेल्वे हवीच, पण रेल्वेकडे पैसा नव्हता. तेव्हा असे ठरले की नव्या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने द्यायचा आणि ३३ टक्के रेल्वेने, आणि प्रवाशांनी तिकिटावर थोडा अधिभार सोसायचा. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरला, १९९८ साली पनवेलला. ठाणे–तुर्भे–वाशीचा मार्ग २००४ साली आला. या मार्गांवरची स्टेशने पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. फलाट प्रशस्त, बाहेर रिक्षा-बसला भलीमोठी जागा, फलाटाच्या डोक्यावर कार्यालये आणि दुकाने. सीवूड्स-दारावे स्थानकावर तर अख्खा मॉल उभा आहे. जमीन सिडकोच्या हातात होती. स्टेशन आले की आजूबाजूच्या भूखंडाचा भाव वाढायचा, आणि वाढलेला भाव स्टेशन बांधणाऱ्याच्याच तिजोरीत जायचा. जुन्या मुंबईत हे होऊ शकत नाही. तिथे स्टेशन रेल्वे बांधते, फ्लॅटचे दर बिल्डर वाढवतो.

सिडकोचे सगळेच जमले असे नाही. नेरुळ–उरण मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. भूसंपादन, तिवरांची जंगले, परवानग्या यांत अडकत अडकत खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि उरणला गाडी पोहोचायला २०२४ उजाडले. सुरुवातीला खारकोपरच्या गाड्या बऱ्याचशा रिकाम्या धावायच्या, तेव्हा टीका झाली. ती टीका उतावळी होती. खारकोपरभोवतीच्या उलव्यात इमारती उभ्या राहत होत्या, आणि लोक येण्याआधी स्टेशन आले तर पहिली काही वर्षे ते रिकामे दिसणारच. खरी तक्रार फेऱ्यांची आहे. उरण मार्ग पूर्ण झाला तेव्हा दिवसभरात दोन्ही दिशा मिळून ४० फेऱ्या होत्या. एक गाडी चुकली की बराच वेळ दुसरी नाही, अशा स्टेशनावर कुणी भरवसा ठेवून घर घेत नाही. घेतले तरी स्कूटर विकत नाही.

नव्या वस्तीत आधी स्टेशन नेले तर फलाट रिकामा दिसतो. जुन्या वस्तीत नंतर स्टेशन आणले तर फलाट पहिल्या दिवसापासून भरलेला, पण जागेसाठी कोर्टकचेऱ्या. ठाणे आणि मुलुंडच्या मधे नवे स्टेशन व्हावे, ही मागणी किती जुनी आहे हे ठाणेकरांना विचारा. ठाणे स्थानक रोज लाखोंची गर्दी सोसते आणि घोडबंदर रोडच्या बाजूने वाढलेले सगळे शहर त्याच एका स्टेशनावर येऊन आदळते. नव्या स्टेशनासाठी जागा सापडली ती प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात. ते आवार आरोग्य विभागाचे, आणि तिथल्या बांधकामाला उच्च न्यायालयाची स्थगिती होती. ती उठायला २०२३ साल उजाडले. हेच स्टेशन चाळीस वर्षांपूर्वी आखले असते तर जागेचा प्रश्न एका बैठकीत सुटला असता.

जुन्या वस्तीत अशी मधली स्टेशने आलीही आहेत. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधे नाहूर २००६ साली आले. आज त्या स्टेशनाशिवाय तो भाग आठवत नाही. पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यात सुमारे तीन किलोमीटरचे अंतर होते. तिथले स्टेशन कागदावर ओशिवरा नावाने मोठे झाले आणि २२ डिसेंबर २०१६ रोजी राम मंदिर नावाने उघडले. नाव जवळच्या देवळावरून आणि रस्त्यावरून आले असले तरी उद्घाटनाच्या दिवशी शिवसेना आणि भाजपचे कार्यकर्ते श्रेयासाठी समोरासमोर घोषणा देत होते. त्याच पट्ट्यातून २०१८ च्या मार्चमध्ये हार्बर लोकल अंधेरीहून गोरेगावपर्यंत गेली, म्हणजे नवे स्टेशन येताच दुसरा मार्गही दारात आला. नावांच्या बाबतीत मुंबईकर हळवा आहेच. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले तेही याच काळात, जुलै २०१८ मध्ये. त्या स्टेशनाची खरी आठवण मात्र नावाची नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. गिरण्या बंद पडून त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, उतरणारे लोक कित्येक पटींनी वाढले, आणि जिना तोच राहिला. मग लष्कराला बोलावून नवा पूल बांधावा लागला. जिन्याची रुंदी ही स्टेशनाच्या आराखड्यातली सगळ्यांत कंटाळवाणी ओळ असते. बातमी व्हावी लागेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही.

सध्या लोकलचे जाळे दोन दिशांना पसरते आहे. पनवेल–कर्जत हा २९.६ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या शेवटी मंजूर झालेल्या ‘एमयूटीपी-३’ मधला. मधली स्टेशने चिखले, मोहपे आणि चौक. वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणावा लागला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर आजवर सर्वांत लांब असलेल्या, शंभर वर्षांहून जुन्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. आजवर कर्जतकराला मुंबई गाठायची तर कल्याणचा वळसा अटळ होता. या रेषेने त्याला पनवेल आणि नवी मुंबई जवळ येते. चौक, खालापूर भागात फार्महाऊसच्या आणि टाऊनशिपच्या जाहिराती या मार्गाच्या नावावर केव्हाच झळकू लागल्या आहेत. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ लिहायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मान्यता लागत नाही.

दुसरी दिशा विरारच्या पुढची. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरार ते डहाणू या ६४ किलोमीटरमध्ये रुळांची एकच जोडी. दिल्ली-अहमदाबादच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल सगळ्या तिथूनच जातात, आणि लोकल बाजूला उभी करून राजधानी पुढे सोडणे हे पालघर-बोईसरच्या प्रवाशांना अंगवळणी पडले आहे. आता तिथे तिसरी-चौथी मार्गिका येते आहे. विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही आजची मधली स्टेशने. त्यांच्यामधे माकुणसार, पांचाळी, वंजारवाडा अशी सात-आठ नवी घालण्याचा बेत आहे. म्हणजे थांबे जवळजवळ दुप्पट.

त्यांतले वाढीव हे नाव वेगळे उभे राहते. हे गाव वैतरणेच्या खाडीने वेढलेले आहे. बाहेर पडायचे तर होडी, नाहीतर रेल्वेचा पूल. शाळेतली मुले, आजारी माणसे, बाजारहाट करणाऱ्या बायका वर्षानुवर्षे रुळांच्या कडेने, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ करून, त्या पुलावरून चालत वैतरणा स्टेशन गाठत आल्या आहेत. वर मांडलेला मिनिटांचा हिशेब वाढीवला लावला तर स्टेशन कधीच बसणार नाही; तिथे चढणारे तीनशे सोडा, काही गाड्यांना तीससुद्धा नसतील. तरीही रेल्वेने या गावाचे नाव यादीत ठेवले, ते योग्यच केले. अपघात टळणे हा सुद्धा जमेचाच आकडा आहे, तासांच्या रकान्यात तो मांडता येत नाही इतकेच.

सात-आठ थांबे म्हणजे डहाणूच्या गाडीला सात-आठ मिनिटे जास्त. चर्चगेटपासून आधीच दोन-सव्वादोन तास बसणाऱ्या डहाणूकराने ती सोसायची, की चार रूळ झाल्यावर काही लोकल निम्मी स्टेशने गाळून न्यायच्या आणि वाढीव, माकुणसारला ठरावीक गाड्याच थांबवायच्या, हे नवे वेळापत्रक लिहिताना ठरेल. त्यासाठी रेकही लागतील. ‘एमयूटीपी-३’ आणि ‘३ ए’ मिळून २३८ वातानुकूलित रेक घ्यायचे ठरले आहे, आणि ते पनवेल–कर्जत, उरण, डहाणू आणि जुन्या मार्गांवर वाटून द्यायचे आहेत. त्यातले किती रेक विरारच्या पुढे जातात, ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार बारकाईने मोजतील.